सावडीचं चाक

बाबांच्या गाडीबद्दल माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी म्हणायला नको की हिने ते लपवलं. दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या माणसाने तिसऱ्या खोलीएवढी गाडी घ्यावी आणि ती चालणाऱ्यांच्या वाटेत उभी करावी, हे मला मान्य नाही. मी फुटपाथसाठी काम करते. आमचा छोटा गट आहे. पत्रकं काढतो, वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्यांवर बसतो, दुकानदारांच्या शिव्या खातो. आणि माझ्याच घरच्या माणसाने तुर्भ्याच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर काय घ्यावं? चारही चाकांना ताकद जाणारी, वाळूत-चिखलात चालणारी, जुनी, डिझेल पिणारी, टपावर लोखंडी कॅरिअर असलेली फिरस्ती गाडी. गटातले मला विचारायचे, "काय गं, आज फुटपाथ मोकळा केलास की बाबांनी परत गाडी लावली?" मी हसायचे. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं.

गाडीच्या मागच्या दारावर एक जादा चाक होतं, स्टेपनी. ते सगळ्यांकडेच असतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण टपावर, कॅरिअरला पट्ट्यांनी आवळलेलं आणखी एक चाक होतं. दुसरी स्टेपनी. घणसोली ते बेलापूर जायला दोन स्टेपन्या! मी एकदा जेवताना म्हटलंही, "बाबा, ज्या शहरात माणसाला धड एक फुटपाथ मिळत नाही, तिथे तुम्हाला सहा चाकं लागतात."

"वाक्य चांगलं हाय," बाबा म्हणाले. "पत्रकात घाल." आणि त्यांनी भाकरी मोडली.

पुढे एकदा बेलापूरला गेलो होतो. बाबांचं पेन्शनचं काम होतं, माझं एक निवेदन द्यायचं होतं, म्हणून एकत्र. परत येऊन बघतो तर मागचं डावं चाक जमिनीला टेकलेलं. बाबांनी बाही सारली, जॅक लावला, दारावरची स्टेपनी काढली. मी सहज अंगठ्याने दाबली तर अंगठा आत गेला. त्यातही हवा नव्हती. बाबांना हवा बघायची सवयच नाही, हे आईचं जुनं गाऱ्हाणं.

"मग टपावरचं काढा," मी म्हणाले.

बाबा रुमालाने हात पुसत राहिले.

"बाबा, टपावरचं."

"ते बसत न्हाई."

"म्हणजे?"

"आपल्या गाडीला बसत न्हाई ते. आपल्या चाकाला नट सहा. त्याला पाच."

शेजारच्या टपरीवर काळ्या कोटातले दोघं-तिघं वकील चहा पीत उभे होते. त्यातल्या एकाने, ज्याचा आमच्याशी कणभर संबंध नव्हता, विचारलं, "मग काका, वर कशाला ठेवलंय? नजर लागू नये म्हणून?" सगळे हसले. बाबाही हसले. ते पंक्चर झालेलं चाक रिक्षात घालून दुकान शोधायला गेले, आणि मी जॅकवर उचललेल्या गाडीची राखण करत बसले. गाडी अर्धी फुटपाथवर होती. एका आजोबांना तिच्यामुळे काठी टेकत रस्त्यावर उतरावं लागलं. उतरताना त्यांनी माझ्याकडे जे बघितलं, त्या नजरेने मी आजवर शेकडो गाडीवाल्यांकडे बघितलेलं आहे. माझ्या पिशवीत आमचीच पत्रकं होती. त्यांना एखादं द्यावं की नाही, मला ठरवता आलं नाही.

परत जाताना मी गाडीत विषय सोडला नाही. न बसणारं चाक कुणाचं?

"काकांचं," बाबा म्हणाले.

काका म्हणजे बाबांचे मित्र. दोघं तुर्भ्याच्या एकाच कारखान्यात, एकाच पाळीला. काका ऐरोलीच्या पलीकडे खाडीला लागून असलेल्या गावचे. त्यांच्या घरच्यांची भातशेती आणि मिठागर शहरासाठी गेलं आणि त्या बदल्यात त्यांना कारखान्यात नोकरी मिळाली. बाबा सातारकडचे. एक ट्रंक घेऊन मामाच्या ओळखीने आले आणि त्याच मशिनीवर उभे राहिले. आता काकांच्या दिघ्याला भाड्याने दिलेल्या खोल्या आहेत, बाबांचं पेन्शन आहे, आणि दोघांना म्हातारपणी एकच खूळ लागलं: थंडी आली की आपापल्या गाड्या काढायच्या आणि एकामागे एक फिरायला निघायचं. काकांची गाडीही अशीच थोराड, फक्त दुसऱ्या कंपनीची. म्हणून चाकं वेगळी.

"तुमच्या टपावर त्यांचं चाक. मग त्यांच्या टपावर?"

"आपलं."

"असं उलटं का?"

"सावड," बाबा म्हणाले, आणि एवढ्यावर मला समजावं अशी त्यांची अपेक्षा दिसली. समजलं नाही. मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या गावाकडे ज्याच्याजवळ एकच बैल असायचा, तो दुसऱ्या एक-बैलवाल्याशी सावड करायचा. दोघांचे दोन बैल एका औताला, आज याचं रान, उद्या त्याचं. ज्याचा बैल त्याच्या दावणीला नसला तरी चालेल, पण पेरा पुरा होईस्तोवर कुणी आपला बैल सोडवून न्यायचा नाही. "आपलं जादा चाक आपल्याच टपावर असलं की माणूस पुढं निघून जातो," बाबा म्हणाले. "मागच्याचं काय झालं बघत न्हाई. माझं चाक त्याच्याकडं असलं की मला त्याला सोडून जाता येत न्हाई. त्याला मला."

हे सुंदर होतं, मान्य करते. फक्त एक अडचण होती. बाबा आणि काका मागच्या थंडीपासून एकमेकांशी बोलत नव्हते.

"आणि भांडण झालं तर?" मी विचारलं.

"भांडण झालं तरी पेरा होईस्तवर सावड मोडायची न्हाई. न बोलता औत हाकायचं."

"पण इथे पेरा कुठाय, बाबा? तो संपणार कधी?"

"सिग्नल सुटला," बाबा म्हणाले. सुटला नव्हता.

भांडण कशावरून झालं ते मला आईने सांगितलं होतं. मागच्या फेरीत कुठल्याशा दूरच्या चहाच्या टपरीवर मालकाने विचारलं, कुठून आलात. बाबा म्हणाले, नवी मुंबई. त्यावर काका हसत म्हणाले, "यो सातारचा हाय. नवी मुंबईचा मी." झालं. बाबा तिथून जे गप्प झाले ते घरी येईपर्यंत गप्प होते आणि नंतर त्यांनी फोन केला नाही.

आईने हे सांगितलं तेव्हा मी फार चिडले आणि कुणावर चिडू ते मला कळेना. कारण काकांचं वाक्य मीच लिहिलेलं आहे. "हे शहर ज्यांच्या शेतांवर आणि मिठागरांवर उभं आहे, त्यांचा या शहरावर पहिला हक्क आहे." आमच्या पत्रकात, ठळक टाइपात. मी ते गावागावांत वाटलंय. मग बाबांना जे लागलं ते काय? ऐन उमेदीची सगळी वर्षं तुर्भ्याच्या धुरात घालवलेल्या माणसाने आपण कुठले म्हणून सांगायचं? हेही खरं. पत्रक लिहिताना दोन खऱ्या गोष्टी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या की एक खोडायची असते, ही आमच्या गटातली शिकवण. नाहीतर मजकूर मागणीपर्यंत पोचत नाही. मी दोन्ही वाक्यं मनातल्या मनात आळीपाळीने खोडून बघितली. एकही खोडली जाईना.

पुढची थंडी आली आणि बाबांनी जाहीर केलं की ते कच्छच्या रणात जाणार. एकटे.

आईने लसूण सोलता सोलता ऐकून घेतलं. ते खाली गेल्यावर ती मला म्हणाली, "जाऊ देत जायचं तर. आयुष्यभर मशीन बघितली, आता मीठ बघू देत. पण एकटं? आणि डोक्यावर दुसऱ्याचं चाक घेऊन? तिथं माणूस नाही काणूस. दोन चाकं पंक्चर झाली तर काय करतील, ते वरचं उशाला घेऊन झोपतील?"

"तू सांग ना त्यांना."

"सांगितलं की. म्हणले, सावड हाय." आईने सोललेल्या लसणावर राग काढला. "सावड करणाऱ्याशी बोलत न्हाईत आणि सावड हाय! तू जा. ते चाक काकांचं काकांना दे, आपलं आपल्याला आण. ते जातील ते जातील, निदान बसणारं चाक तरी संगं असू दे. एवढं कर माझं."

मला बरं वाटलं. इतक्या महिन्यांत या प्रकरणात कुणीतरी पहिल्यांदा स्पष्ट मागणी केली होती. चाकाला चाक. दोन्ही बाजूंचा फायदा, कुणाचं नुकसान नाही, आणि आईची झोप परत. असं सोपं काम आमच्या गटाला कधी मिळत नाही.

बाबा बसने बेलापूरला गेले होते त्या दिवशी मी वॉचमन आणि खालच्या इस्त्रीवाल्याला घेऊन ते चाक टपावरून उतरवलं. ते किती जड होतं ते लिहीत नाही, कारण मी उचललं कमी आणि सूचना जास्त दिल्या. छोटा टेम्पो केला. टेम्पो गावाच्या तोंडाशी थांबला, आत इमारतींना इमारती चिकटलेल्या, गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरायचं. टेम्पोवाला म्हणाला, "ताई, पुढे तुमचं तुमी बघा." मग मी ते चाक घरंगळवत नेलं. थोड्या वेळाने ते मला नेऊ लागलं.

ओट्यावर बसलेल्या बायकांना मजा आली. "कोनाची गो तू?" "चाक फिरवाला आनलास काय?" "अगो, गारी कुठं सांडलीस?" मी सगळ्यांना सांगत गेले की मी काकांकडे चाललेय, कामासाठी.

काकी दारातच भेटल्या. आधी हसल्या, मग त्यांची नजर चाकावर गेली आणि हसू गेलं.

"यो आमचा हाय ना?"

"हो काकी. परत द्यायला आणलंय."

"आत नको आनू," त्या पटकन म्हणाल्या. "भिंतीला टेकव. जेवलीस काय?"

चाक बाहेर राहिलं आणि मी आत बसले. तांदळाची भाकरी, जवळा, वर कच्चा कांदा. काकी समोर बसून माझ्या ताटाकडे बघत होत्या आणि मधूनमधून दाराबाहेर, जसं काही ते चाक उठून आत येईल. मी म्हणाले, काकी, काकांनी बाबांना असं बोलायला नको होतं.

"ह्यांनी? हे काय बोलले?"

मी टपरीवरचं वाक्य सांगितलं. काकींना ते माहीतच नव्हतं. त्यांना माहीत होतं ते दुसरंच. "तुझा बाबूस काय बोलला ते ठाव हाय तुना?" त्या म्हणाल्या. "बोलला, तुमच्याकरं होता काय? मीठ आनि चिखल. शहर आमी उभा केला. आसा बोलला, त्या टपरीवाल्याच्या म्होरं. ह्यांच्या बापाशीचा मिठागर होता गो. ते चिखलानी घर चालवला त्यांनी. हे घरी आयले ते दोन दिस जेवले नाय."

माझे बाबा असं बोलले? आईने मला हे सांगितलंच नव्हतं. तिला माहीत नव्हतं, की तिने गाळलं? आणि काकांनी घरी येऊन बाबांचं वाक्य सांगितलं, स्वतःचं गाळलं? आणि बाबांनी आईला काकांचं सांगितलं, आपलं गाळलं? म्हणजे दोन घरांत दोन अर्धी भांडणं ठेवलेली होती, आणि पूर्ण भांडण त्या ताटासमोर, माझ्या एकटीजवळ. ते घेऊन मी काय करायचं होतं?

काका आले ते बाहेरच थांबले. चाकासमोर. मी हात धुऊन बाहेर गेले तर ते चाकाकडे बघत होते, माझ्याकडे नाही.

"त्यानी पाठवला?"

असा साधा प्रश्न विचारताना माणसाचा आवाज एवढा खाली जातो, हे मी तोवर ऐकलं नव्हतं.

"नाही. आईने."

"त्याला ठाव हाय?"

"नाही."

काका ओट्यावर बसले. आधी श्वास सोडला, मग हसले, मग ओरडले. "तुझी आय शानी बाई हाय, पन ह्यातला तिला कलत नाय. आनि तुला तर कायच कलत नाय. ने परत!"

"काका, अहो, हे त्यांच्या गाडीला बसत नाही! तुमचं त्यांना बसत नाही, त्यांचं तुम्हाला बसत नाही, तुम्ही दोघं बोलत नाही. मग हे दोन्ही टपांवर कशाला फिरवताय?"

"बोलत नाय म्हनून काय झाला?"

"मग बोला तरी!"

"मी कनाला बोलू? त्यानी बोलावा." आणि लगेच, "काय बोलतो काय तो माझ्याबद्दल?"

"काहीच नाही."

"कायच नाय?" हे त्यांना जास्त लागलेलं दिसलं.

शेवटी मी सभेत विचारते तसं विचारलं. "काका, तुमची मागणी काय आहे?"

"मागनी? मना काय म्युन्शिपाल्टीत अर्ज द्यायचा हाय?" आतून काकी हसल्याचं ऐकू आलं. काका उठले, मला घराच्या मागे घेऊन गेले. तिथे त्यांची गाडी होती आणि टपावर बाबांचं चाक. त्यावर गोणपाट झाकलेलं, उन्हाने रबर तडकू नये म्हणून. काकांनी गोणपाट सारून चाकावर थाप मारली. "याची हवा मी बगतो. त्याला सवय नाय हवा बगाची." सहा भोकं होती. मी मोजली, कारण दुसरं काय करावं सुचत नव्हतं.

"पण ते एकटे निघालेत," मी म्हणाले. "पुढच्या आठवड्यात. रणात. आई घाबरलीय. म्हणून आले मी."

काकांचा हात चाकावरच राहिला. "रनात? आता? येडा झालाय काय तो? यंदा पाऊस लांबला. वरून पांढरा झालेला दिसंल, पापुद्रा धरलेला, आनि खाली सगला चिखल. गारी वर जाईल आनि मधोमध बसंल. आमच्या मिठागरात पन आसाच. वर मीठ दिसला म्हनून पाय नाय ठेवाचा." ते दोन पावलं गेले, परत आले. "त्याला सांग, थांब. नको, नको सांगू. सांग, पन मी बोललो म्हनून नको सांगू."

"मग कोण म्हणालं सांगू?"

"पेपरात वाचला म्हनून सांग."

"मी खोटं सांगत नाही, काका."

"मंग पत्रक कार!"

चाक काकांनी स्वतः घरंगळवत टेम्पोपर्यंत नेलं. ओट्यावरच्या बायकांनी त्यांना एक अक्षर विचारलं नाही. मला मात्र परत विचारलं, "काय गो, नाय घेतला?"

सोसायटीत पोचले तर बाबा माझ्याआधी आलेले. गाडीजवळ उभे राहून वर बघत होते. कॅरिअर मोकळा, पट्ट्या दोन्ही बाजूंना लोंबत होत्या. पिशवी खाली ठेवलेली, कागद त्यातून बाहेर आलेले. टेम्पोचा आवाज त्यांनी ऐकला नसावा. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "त्यो आलता?"

"कोण?"

"नेलं त्यानं?"

सकाळपासून हा दुसरा माणूस मला तोच प्रश्न विचारत होता, तशाच आवाजात. मी म्हणाले, "मी नेलं होतं. बदलून आणायला. त्यांनी घेतलं नाही. टेम्पोत आहे."

बाबांचा चेहरा आधी सैल पडला आणि मग लाल झाला. "कुणी सांगितलं तुला?"

मी वर बघितलं. गॅलरीत आई वाळलेले कपडे फार घाईने काढत होती. बाबांनीही वर बघितलं, पण तिला काही म्हणाले नाहीत. मलाच म्हणाले, "घेतलं न्हाई?"

"नाही."

"काय म्हणाला?"

मी सगळं सांगितलं. सांगू नको म्हणाले होते तेही सांगितलं. पाऊस लांबला, वर पापुद्रा, खाली चिखल, थांब.

"त्याला कुणी इचारलं?" बाबा म्हणाले. मग आम्ही चाक उतरवलं, वॉचमनला हाक मारून वर चढवलं, आणि बाबा पट्ट्या ओढायला लागले. पट्टी अडकवता अडकवता ते म्हणाले, "चिखल त्याला कळतो."

मी तिथेच विचारलं. राहवलं नाही. "बाबा, तुम्ही त्यांना मीठ आणि चिखल म्हणालात?"

"म्हणालो."

"का?"

"तो आधी म्हणाला."

"पण ते खरं बोलले, बाबा. ते इथलेच आहेत."

"मग मी काय खोटं बोललो? कारखान्यांच्या चिमण्या उभ्या केल्या त्या कुणी?"

"दोघंही खरं बोललात तर मग भांडण कसलं?"

"खोट्यावरनं एवढं कोण भांडंल?" बाबा म्हणाले. "धर पट्टी. घट्ट."

पट्टी धरली. समजलं काहीच नाही. मी बाबांवर रागावले होते, त्यांच्या त्या वाक्यासाठी मी आजही रागावलेली आहे. आणि त्याच वेळी ते चाक जरा डावीकडे सरकलंय का, हे मी पायांच्या बोटांवर उभी राहून बघत होते.

पुढचा आठवडा आला आणि गेला. आईने विचारलं की बाबा म्हणायचे, "रस्ता वाळू दे." कुणी सांगितलं ओला आहे, हे ते म्हणायचे नाहीत आणि आई विचारायची नाही. मला मात्र फोन यायला लागले. काका मला फोन करायचे, बाबांना नाही. आम्ही अतिक्रमणवाल्यांशी हुज्जत घालत असू, आणि काका कानात: "त्याला सांग, त्या मऊ जागेत चाकांची हवा जरा कमी कराची." मी म्हणायचे, काका, तुम्हीच सांगा. "तू सांग. तू शिकलेली हायस." मी सांगायचे. बाबा "हं" म्हणायचे. मग पुढे बाबाच विचारायला लागले, जेवताना, डाळीकडे बघत: "फोन आलता का कुणाचा?" मी एकदा ताट सरकवून म्हणाले की मी निरोप्या नाही. आई म्हणाली, "मग काय आहेस? पत्रकं काय असतात?" याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण लांब होतं, आणि तोवर ती भात वाढायला उठली होती.

एक दिवस काकांनी एवढंच सांगितलं: "त्याला सांग, आता वालला."

मी सांगितलं. बाबा "बरं" म्हणाले आणि माळ्यावरून बॅग काढली.

"म्हणजे तुम्ही दोघं बरोबर जाताय?" मी विचारलं.

"तो त्याच्या वाटंनं, मी माझ्या."

"पण वाट एकच आहे!"

"त्याला मी काय करू?"

निघायच्या सकाळी आई आणि मी खाली उतरलो. काकांची गाडी गेटबाहेर उभी होती, दोन चाकं फुटपाथवर. मी जाऊन काच वाजवली. "काका, फुटपाथ." काकांनी हात जोडले आणि गाडी खाली घेतली. बाबांनी आपली गाडी गेटमधून काढली आणि त्यांच्या शेजारी आणून उभी केली. दोघांनीही काचा वर ठेवल्या होत्या. कुणी कुणाकडे बघितलं नाही आणि कुणी निघालंही नाही. पुढे जाणाऱ्याने आधी निघायचं, आणि आधी निघाला तो दुसऱ्याला मागे टाकून गेला असं व्हायचं, असं काहीतरी त्यांच्यात चाललं असावं. मला नक्की माहीत नाही. मागून शाळेची बस आली, हॉर्न वाजवायला लागली. गेटमधून सोसायटीचे सेक्रेटरी काय झालं म्हणून डोकावले. आई चपला वाजवत रस्त्यात गेली आणि बाबांच्या बॉनेटवर तळहात आपटला. "निघा आता! का मी चालवू?"

बाबा निघाले. त्यांच्यामागे काका. कोपऱ्यावर वळताना बाबांची गाडी थांबल्यासारखी झाली, काकांची जवळ येईपर्यंत, आणि मग दोन्ही दिसेनाशा झाल्या.

"बोलले का?" आईने विचारलं.

"नाही."

"बरं," ती म्हणाली आणि जिना चढायला लागली.

दिवेलागणीला बाबांचा फोन आला. आईने स्पीकरवर टाकला, कारण तिचे हात पिठाचे होते. बाबा पहिल्या मुक्कामाला पोचलो म्हणाले आणि मग जे सुरू झाले ते थांबेनात. तो बैलगाडीसारखा चालवतो. तो मागून उगाच हॉर्न देतो. नाश्त्याला कुठं थांबायचं ते तोच ठरवतो, आणि थांबला तिथली मिसळ म्हणजे नुसतं तिखटाचं पाणी. टोलवर सुट्ट्यासाठी वाद घालत बसला. त्यांच्यामागून काकांचा आवाज आला, अगदी फोनच्या जवळून: "तिला सांग, यानी दोनदा रस्ता चुकवला! दोनदा! मी हॉर्न का देत होतो इचार!" बाबा फोन बाजूला न घेता ओरडले, "तुला कुणी बोलावलं?" "मंग थांबला कनाला होतास?" आणि पुढचं सगळं एकात एक मिसळलं.

आई कणकेत हात तसेच ठेवून ऐकत होती. तिचे खांदे हलत होते. फोन बंद झाला तेव्हा मी म्हणाले, "मिटलं का यांचं? टपरीवरचं? कुणी माफी मागितली?"

"कुणाला माहीत."

"मग? तेच भांडण चालूच आहे की."

"व्हय," आई म्हणाली. तिने कोपराने डोळे पुसले आणि गोळा मळायला घेतला. "काकींना लाव फोन. वाट बघत असतील. पोचले म्हणावं. भांडतायत म्हणावं."

मी फोन लावला.